बुद्धिबळाचा प्रोग्राम माणसासारखा चुकू शकतो का?

संगणकाची पातळी उतरवून बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हा अनुभव नक्की असेल: बराच वेळ तो कसलेल्या खेळाडूसारखा बिनचूक खेळतो आणि मध्येच काहीही कारण नसताना घोडा फुकट देऊन टाकतो. नवशिका माणूसही घोडा गमावतो, पण स्वतःच्या हल्ल्यात गुंतल्यामुळे. पटाच्या पार टोकाला बसलेला उंट त्याच्या नजरेतून सुटतो.

स्टॉकफिश या प्रसिद्ध बुद्धिबळ प्रोग्राममध्ये ० ते २० अशा पातळ्या असतात. पातळी खाली आणली की तो चांगल्या खेळ्या शोधतो खरा, पण कधीकधी त्यांतली कमी प्रतीची खेळी यादृच्छिकपणे निवडतो. म्हणजे ती चूक फासे टाकून केलेली असते. माणसाला ती जागा अवघड होती की सोपी, याच्याशी तिचा संबंध नसतो.

२०२० मध्ये टोरंटो विद्यापीठ, कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘माया’ ही बुद्धिबळ खेळणारी प्रणाली तयार केली आणि प्रश्नच बदलला. सर्वोत्तम खेळी कोणती, हे न विचारता या पातळीचा माणूस इथे काय खेळेल, हे विचारले. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर माणसांनी खेळलेले डाव घेऊन ११०० ते १९०० रेटिंगसाठी (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) नऊ मॉडेल शिकवली, प्रत्येकाला सुमारे १.२ कोटी डाव. माया पुढच्या खेळ्यांचा हिशेब मांडतच नाही. पट पाहून थेट अंदाज बांधते. तिचा अंदाज साधारण निम्म्या वेळा बरोबर येतो आणि प्रत्येक मॉडेल आपल्याच रेटिंगच्या आसपास सर्वाधिक अचूक ठरते. एकाच स्थितीत दोन माणसे वेगळे खेळतात, हे लक्षात घेतले तर मला हे यश मोठे वाटते.

तरीही ११०० ची माया प्रत्यक्षात ११०० च्या खेळाडूपेक्षा बरीच ताकदवान खेळते. ती प्रत्येक वेळी त्या पातळीच्या बहुसंख्यांची खेळी निवडते. प्रत्येकाची घोडचूक वेगळी, त्यामुळे बहुमतात ती गळून पडते. खेळीगणिक अचूकता मोजून अख्ख्या डावाची नक्कल साधली असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. एकाच खेळाडूच्या हजारो डावांवर मॉडेल बेतले, तेव्हा मात्र अचूकता आणखी वाढली.

घड्याळाचा प्रश्न उरतोच. मूळ प्रयोगात अतिजलद डाव आणि शेवटच्या ३० सेकंदांतल्या खेळ्या वगळल्या होत्या. सामान्य खेळाडूची सर्वांत मोठी तारांबळ नेमकी तेव्हाच उडते.