गाडीखाली डिझेल मारताय, मग बुशचं काय?

पावसाळा तोंडावर आला की आपल्या बेळगावात शहापुरात जा, टिळकवाडीत जा नाहीतर खानापूर रोडला, वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढली की पोरगा विचारणारच, साहेब, खालून डिझेल मारू काय? काही ठिकाणी तर सरळ जळकं ऑइल मारतात. आपण पण म्हणतो, मार की, गंज नको चढायला. आता लोखंडापुरतं बघितलं तर हे अगदीच चूक नाही, गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात आणि तेलाचा थर थोडे दिवस का होईना दोघांना अडवतो. पण गाडीच्या पोटाखाली नुसतं लोखंड नसतंय. लोअर आर्मचे बुश (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या सांध्यात बसवलेले, मध्ये लोखंडी नळी असलेले रबर), स्टॅबिलायझर बारचे रबर, इंजिन माउंटिंग, सायलेन्सर लटकवायचे रबर, हे सगळं त्याच फवाऱ्यात भिजतं.

बुश बहुतेक करून नैसर्गिक रबराचे असतात. हे रबर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या, आणि डिझेल पण कार्बन-हायड्रोजनचंच, म्हणजे दोघं एकाच जातीचे, त्यामुळे डिझेल आरामात आत शिरतं. कच्चं रबर असतं तर हळूहळू विरघळूनच गेलं असतं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवायची युक्ती सापडली, त्यात साखळ्यांच्या मध्ये गंधकाचे पूल बांधले जातात, म्हणून आपलं रबर विरघळत नाही, पण भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं आणि मऊ पडतं. मऊ पडलेलं रबर वजन घेताना फाटतं, कधी मधल्या लोखंडी नळीपासून सुटतं. मग खड्ड्यात खडखड, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेनं खातो, आणि आपण रस्त्याला शिव्या घालतो (रस्ते पण शिव्या खाण्यासारखेच आहेत म्हणा).

इंजिनचे ऑइल सील वेगळ्या, नायट्राइल रबराचे असतात, त्यांना तेल चालतं. पण फवारा मारणारा कुठं रबर निवडत बसतोय? आणि बुश वाजायला लागला म्हणून ग्रीस नाहीतर पेट्रोलियम जेली चोळणारे पण आहेत, ते पण पेट्रोलियमच की ओ! नुसत्या रबराच्या बुशमध्ये काही घासत नसतं, रबर पिळतं आणि परत येतं, तिथं वंगणाचं कामच नाही. लावायचंच झालं तर सिलिकॉनचा स्प्रे, त्यानं रबर फुगत नाही.

रबराचा दुसरा शत्रू ओझोन. वाहनांचा धूर आणि ऊन मिळून तो जमिनीलगत तयार होतो, प्रमाण अगदी किरकोळ, पण ताणलेल्या रबरातल्या दुहेरी बंधांवर घाव घालायला तेवढा पुरतो, आणि ताणाला आडव्या बारीक भेगा पडतात. टायरमध्ये यासाठी मेण मिसळलेलं असतं, ते टायर फिरताना, दबताना वर येत राहतं. म्हणूनच मुलगा पुण्याला नाहीतर मिलिटरीत आणि गाडी महिनोन्महिने अंगणात उन्हात, अशा गाडीचे टायर कमी पळून पण तडकलेले दिसतात. सावलीत लावा आणि घरच्यांना मधूनमधून एक चक्कर मारायला सांगा.

आता गंज. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्याला मी तो काय शिकवणार, पण मिठाचं सांगतो. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन बीचजवळ गाडी लावली की खाली मीठ बसतं, आणि हवेत साधारण 75 टक्क्यांवर आर्द्रता गेली की ते मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडं पावसाळ्यात एवढी आर्द्रता म्हणजे रोजचंच, म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली तरी खाली काम चालूच. आल्याबरोबर खालून साध्या पाण्यानं धुवायची, एवढंच. उसाला घालायचं पोटॅशचं पोतं डिकीतून आणता ना, म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तो पण मिठाचाच भाऊ, सांडलेलं कार्पेटखाली राहिलं की पत्रा खातं.

चिखल तर सगळ्यात चिवट, जांबोटी-कणकुंबीकडचा तांबडा असू दे नाहीतर बैलहोंगलकडचा काळा, कोपऱ्यात बसला की ओल धरून ठेवतो. कॉइल स्प्रिंगचा खालचा वेढा जिथं बसतो तिथं खडी अडकते, रंग खरवडतो, गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि प्रत्येक हिसक्याला सगळा ताण त्या खड्ड्यावर, मग एक दिवस स्प्रिंग तिथंच तुटते. शॉकपच्या रॉडवरचं डस्ट कव्हर फाटलं असेल तर लगेच बदला, रॉडला ओरखडे पडले की सील कापलं जातं आणि ऑइल बाहेर.

डिझेलऐवजी मेणाचं अंडरबॉडी कोटिंग बरं, पण खालचा भाग धुऊन पूर्ण वाळल्यावरच, आणि बुश, ब्रेक डिस्क, सायलेन्सर झाकून.

आणि नवीन बुश घातलात तर मेकॅनिकजवळ उभं राहा. चाक हवेत लटकत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळले तर गाडी खाली उतरवताच रबराला पीळ बसतो आणि तो कायमचा राहतो, बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हलके लावायचे, चाकांवर गाडीचं वजन आलं की मग आवळायचे.