शालेय बसच्या तळाचा गंज (ग्रामीण विदर्भ)

शालेय बसच्या तळाचा पत्रा, त्याखालच्या आडव्या पट्ट्या आणि आसनांचे बोल्ट हवा, पाणी व क्षार यांमुळे झिजून दुबळे होण्याची क्रिया. गॅरेजच्या बोलीत याला ‘पत्रा सडणे’ म्हणतात. भोके पडू लागली की तळाची ‘चाळणी’ होते. वऱ्हाडी उच्चारात ‘चायनी’. फारसी ‘झंग’वरून आलेला ‘जंग’ हा शब्दही विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे ‘गंज’इतकाच चालतो. ‘गंज’ हे ‘जंग’चेच वर्णविपर्ययाने बनलेले रूप असावे, हे अनुमान पटण्यासारखे आहे. चहा-दुधाचे भांडे या अर्थाचा, वऱ्हाडात रोज कानावर पडणारा ‘गंज’ मात्र वेगळा शब्द धरावा. आयुर्वेदातील ‘मंडूर’ हेही लोखंडाचे किट्ट, म्हणजे मळ वा गंजच, पण तो शब्द आता भस्मापुरता उरला आहे.

बसची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जाड पोलादाची असते आणि बहुधा शेवटपर्यंत टिकते. तिच्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पत्रा किंवा जलरोधक प्लायवूड, त्यावर रबरी वा व्हिनाइलची मॅट अशी रचना असते. लहान गाड्यांत पत्रा हाच तळ. 18 गेजचा असेल तर त्याची जाडी जेमतेम 1.2 मिमी भरते. मुलांचे आणि दप्तरांचे वजन, खड्ड्यांतले हादरे, सगळे या पत्र्यावर येते.

लोखंड गंजते कसे, यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बरीच वर्षे वाद होता. इंग्लंडमधील क्रेस काल्व्हर्ट यांनी 1871 च्या सुमारास हवेतील कर्बाम्ल वायूला (कार्बन डायऑक्साइडला) मुख्य कारण ठरवले : पाण्यात विरघळलेला हा वायू सौम्य आम्ल बनतो, ते लोखंड विरघळवते आणि पुढे त्याचा गंज होतो. 1903 मध्ये अमेरिकेतील विलिस व्हिटनी यांनी गंजणे ही विद्युत्‌रासायनिक क्रिया असल्याचे मांडले. म्हणजे लोखंडाच्या एकाच तुकड्यावर इवल्याशा बॅटऱ्या तयार होतात, एका जागी धातू विरघळतो आणि दुसऱ्या जागी ऑक्सिजन वापरला जातो. पुढे दोनच वर्षांनी डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडचा मधला टप्पा सुचवला, तो फार काळ टिकला नाही. आम्लाचे मत पूर्ण खोटे नव्हे, कारण आम्लामुळे वेग वाढतोच. पण कर्बाम्ल वायू नसलेल्या पाण्यातही लोखंड गंजते, त्यामुळे विद्युत्‌रासायनिक मतच आज ग्राह्य धरले जाते. बसच्या तळासाठी त्यातला सर्वांत उपयोगाचा भाग केंब्रिजच्या यूलिक एव्हान्स यांचा. 1920 च्या दशकात त्यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवले, की धातू खाल्ला जातो तो थेंबाच्या मध्याशी, जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो. कडेला भरपूर ऑक्सिजन असूनही कडा बचावते. मॅटखालचा ओला पत्रा आणि चिखलाखाली झाकलेली पट्टी म्हणजे या थेंबाचा मध्यच. उघड्या पत्र्याआधी झाकलेला पत्रा का जातो, याचे उत्तर या थेंबात आहे.

गंजाला किती दमटपणा लागतो, हे ब्रिटिश रसायनज्ञ व्हर्नन यांनी त्याच सुमारास दाखवले : सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की वेग एकदम वाढतो, हवेत गंधक डायऑक्साइड असेल तर आणखीच. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेव्हा उघडा पत्रा जवळपास गंजतच नाही. जुलै ते ऑक्टोबर हे गंजाचे महिने. शाळाही येथे उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात, म्हणजे गाडी रस्त्यावर येते ती थेट पावसात.

काळ्या मातीचा हातभार मोठा आहे. कपाशीची ही माती पाणी धरून फुगते, चाकाच्या कमानीत आणि पट्ट्यांच्या खाचांत लिंपली जाते आणि बाहेरचा थर वाळला तरी आत आठवडाभर ओल राखते. ऊन पडले म्हणून गाडी सुकली, असे समजणे चूक आहे.

त्याहून घातक आहे खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर अशा तालुक्यांतील गावे येतात आणि भूजल खारट असते. हा खारेपणा प्राचीन सरोवराचा किंवा समुद्राच्या फाट्याचा अवशेष आहे, असे एक मत आहे. लोकांत तेच अधिक प्रिय. खोलवर गाळ, मंद निचरा आणि जोरदार बाष्पीभवन यांमुळे क्षार जागीच साचत गेले, ही उपपत्ती मात्र जमिनीच्या स्वरूपाशी जास्त जुळते. कारण कोणतेही असो, बोअरच्या त्या पाण्याने बस धुतली की पाणी उडून जाते आणि क्षार सांध्यांत राहतात. साधे मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढू लागते. मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे इतर गाड्यांचा पत्रा जेव्हा कोरडा असतो, तेव्हाही या गाडीचा पत्रा ओला असतो. चिखल काढायला रोज गाडी धुणारा प्रामाणिक चालक येथे नकळत गंजाला खतपाणी घालतो, ही गोष्ट शाळांनी त्याला समजावून सांगायला हवी. साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने अखेरचा हात फिरवला तरी बराच फरक पडतो. सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीतून खताची पोती वाहिली, तर सांडलेला युरिया आणि पोटॅश हेच काम करतात.

नुकसान आतून कसे होते, हे शेवटच्या बाकाखालची मॅट उचलली की कळते. वरून मॅट स्वच्छ, पुसलेली. खाली मात्र भिजून लगदा झालेला वहीचा कागद, शेंगदाण्याची टरफले, बारीक माती आणि त्यांत तांबूस पापुद्रे; बोटाने दाबले तर पापुद्रा भाकरीच्या पोपड्यासारखा मोडतो. मूळ लोखंडापेक्षा गंजाचे आकारमान कित्येक पट जास्त असल्याने पत्रा आधी फुगतो, मॅटला उंचवटा येतो आणि मग तेथेच पाय खचतो. अशा जागा ठरलेल्या : दाराची पायरी, चाकाच्या कमानी, बॅटरीच्या पेटीजवळचा भाग आणि आसनांच्या पायांचे बोल्ट. यांत बोल्ट सर्वांत जोखमीचे, कारण ब्रेक लागताच आसन मुलांसकट उखडू शकते. भोकांतून धूळ येते तसा धुरातला कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो.

जुलै 2012 मध्ये चेन्नईच्या तांबरम भागात शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून खाली पडून दुसरीतल्या मुलीचा मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी तमिळनाडूने शालेय बससाठी विशेष नियम केले. त्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र थोड्याच दिवसांपूर्वी मिळाले होते, ही बाब कोणत्याही शाळेने विसरू नये. महाराष्ट्रात शालेय बसचे स्वतंत्र नियम 2011 पासून आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. योग्यता तपासणी, म्हणजे रोजच्या भाषेत ‘पासिंग’, वाहन 8 वर्षांचे होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. शाळा उघडण्याआधी मे-जूनमध्ये पासिंग झाले, तर तळ वर्षातल्या सर्वांत कोरड्या अवस्थेत तपासला जातो. मॅट न उचलता केलेल्या तपासणीला तळापुरता अर्थ नाही. दिवाळीच्या सुट्टीत समितीने मॅट काढून हातोडीने ठोकून पाहावे : चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यात शिरते.

सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ‘पॅच मारून’ झाकण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. दोन पत्र्यांच्या फटीत ओल अडकते आणि एव्हान्स यांचा थेंब पुन्हा तयार होतो. निरोगी धातू लागेपर्यंत कापणे, तारेच्या ब्रशने घासणे, वेल्डिंग, रेडॉक्साइड या गंजरोधक तांबड्या रंगाचे दोन हात आणि सांध्यांत सीलंट, हा क्रम मोडू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरला तर स्वतः आधी झिजून जस्त लोखंडाला वाचवते, पण वेल्डिंगच्या जागी ते जळून जाते, म्हणून तेथे पुन्हा रंग लागतो. जळके ऑइल खालून फासण्याचा गावठी उपाय काही महिने पाणी अडवतो, मात्र त्यावर धूळ बसते आणि रबरी बुश फुगून खराब होतात. ॲल्युमिनियमची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) पोलादावर थेट ठोकली तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियमच झिजते. मध्ये रबर असावे. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी धावणाऱ्या एसटीच्या निळ्या बसनाही हेच लागू आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर आणि वणीच्या कोळसा पट्ट्यात औष्णिक वीज आणि खाणींमुळे हवेत गंधकाची संयुगे व कोळशाची धूळ असते. तळाखाली बसलेली ही धूळ ओल धरते. गडचिरोलीत पाऊस अधिक आहे आणि रस्ते नाल्यांतून जातात, तेथे चाकाच्या कमानी आणि पायऱ्या आधी जातात.