टीव्हीवरचे पपेट शो

टीव्हीवरचे पपेट शो म्हणजे बाहुल्याच मुख्य पात्रं असलेले आणि निदान नावापुरते तरी मुलांसाठी केलेले कार्यक्रम. या नोंदीत मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधले 1940 ते 1980च्या दशकांतले शो घेतलेत, कारण आज मोठे झालेले फॅन ज्यांची आठवण काढतात ते बहुतेक याच काळातले. कळसूत्री बाहुली, हातमोजा बाहुली, काठीची बाहुली हे प्रकार वाचकाला माहीत आहेत असं धरलंय.

पहिला शो कोणता हा वाद जुना आहे आणि तो बराचसा 'पहिला' कशाला म्हणायचं यावरच अडतो. अमेरिकेत 1920च्या दशकाच्या शेवटी शेवटी प्रायोगिक प्रसारणात फेलिक्स मांजराची कागदाच्या लगद्याची मूर्ती फिरत्या तबकडीवर ठेवून दाखवायचे. काहीजण तिथूनच मोजायला सुरुवात करतात, पण ती मूर्ती नुसती गोल फिरायची, तिला नाचवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तिला पपेट म्हणणं जरा ओढूनताणूनच होतं. बर टिलस्ट्रॉम या अमेरिकी बाहुलीकाराने आपला कुक्ला हा बाहुला 1939च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात टीव्हीच्या प्रात्यक्षिकात आणला, तोही दावा केला जातो, पण तेव्हा घरी टीव्ही होता किती जणांकडे. नेमाने दिसणारं पात्र अशी अट घातली तर बीबीसीवरचं मफिन हे खेचर 1946च्या ऑक्टोबरात आलं, टिलस्ट्रॉमचा शिकागोतला शो 1947च्या ऑक्टोबरात आणि अमेरिकेतलाच 'हाउडी डूडी' त्याच वर्षी 27 डिसेंबरला. मफिनच्या विरोधात एकच मुद्दा निघतो की तो मुलांच्या एका मोठ्या कार्यक्रमातला भाग होता, स्वतंत्र शो नव्हता. तरी तारखा बघता मान मफिनकडेच जावा असं वाटतं. मफिनची बाहुली मात्र टीव्हीसाठी केलेली नव्हती, ती 1933च्या सुमाराची; अॅनेट मिल्स पियानो वाजवत गायच्या आणि अॅन हॉगर्थ मागे लपून दोऱ्या हलवायच्या, मफिन पियानोच्या झाकणावर नाचायचा. मिल्स 1955मध्ये वारल्या.

टिलस्ट्रॉमचा 'कुक्ला, फ्रॅन अँड ऑली' मुलांसाठी म्हणून सुरू झाला खरा, पण मोठी माणसंच जास्त वेडी झाली होती. संहिता नाही, सगळं थेट आणि आयत्या वेळी सुचेल ते, बाहुल्या सगळ्या एकट्या टिलस्ट्रॉमच्या हातात आणि पुढे उभी फ्रॅन अॅलिसन त्यांच्याशी बोलतेय. 1951मध्ये एनबीसी या अमेरिकी चॅनेलने अर्ध्या तासाचा शो 15 मिनिटांवर आणला तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग पडला, म्हणजे पपेट शोसाठी भांडणारे फॅन काही आजचे नाहीत.

बाहुली नक्की कोणाची यावरही भांडणं झालीत आणि त्यातलं सगळ्यात लांबलेलं हाउडी डूडीचं. हाउडीची मूळ बाहुली करणारा फ्रँक पॅरिस 1948मध्ये पैशांच्या वादातून बाहुली उचलून निघून गेला. शो थेट चालू, मग करायचं काय, तर हाउडी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवतोय आणि त्यासाठी चेहऱ्याचं ऑपरेशन करून घेतोय असं सांगून पट्ट्या गुंडाळलेली बाहुली दाखवली आणि तेवढ्यात व्हेल्मा डॉसनकडून नवा चेहरा करून घेतला. फॅनना आठवतो तो हाच दुसरा हाउडी, चेहऱ्यावर ठिपके असलेला. शो 24 सप्टेंबर 1960ला संपला. शेवटच्या भागात इतकी वर्षं मुका असलेला विदूषक क्लॅराबेल पहिल्यांदा बोलला आणि मुलांचा निरोप घेतला. नंतर ती बाहुली शोचा पपेटियर, म्हणजे बाहुली चालवणारा, रूफस रोझच्या घरी राहिली आणि तो वारल्यावर त्याचं कुटुंब आणि डेट्रॉइटचं कलासंग्रहालय यांच्यात कोर्टकज्जा झाला, जो 2001मध्ये संग्रहालयाच्या बाजूने लागला.

तंत्रात खरी उडी कोणाची? साधारण मत असं की 'मपेट' बाहुल्या करणाऱ्या जिम हेन्सनची. 'सॅम अँड फ्रेंड्स' हा त्याचा शो वॉशिंग्टनच्या स्थानिक चॅनेलवर मे 1955पासून होता, पाच मिनिटांचा आणि तोही रात्री उशिरा, त्यामुळे त्याला मुलांचा शो म्हणणं अवघडच. टिलस्ट्रॉमने बाहुल्यांचा छोटा रंगमंच तसाच ठेवून कॅमेरा त्याच्यासमोर लावला होता; हेन्सनने रंगमंच काढूनच टाकला आणि टीव्हीच्या चौकटीलाच रंगमंच केलं. उघड्या सेटवर बाहुल्या त्याआधी 1949च्या 'टाइम फॉर बीनी'मध्येही होत्या, हे हेन्सनचे फॅन सहसा विसरतात. पण मऊ कापडाचा चेहरा, हाताच्या बोटांनी बदलणारे भाव आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा अभिनय हे सगळं एकत्र त्याच्याकडेच दिसतं. त्याची सगळ्यात प्रसिद्ध बाहुली म्हणजे कर्मिट बेडूक; पहिला कर्मिट त्याने आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून केला, डोळे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे. तेव्हा तो बेडूकही नव्हता, सरड्यासारखा काहीतरी होता.

पपेटियर हात डोक्यावर उंच धरून उभा असतो आणि बाहुली कशी दिसतेय ते खालच्या मॉनिटरवर बघतो. मॉनिटर आरसा नसतो, बाहुली स्वतःच्या उजवीकडे नेली की पडद्यावर ती डावीकडे जाते, त्यामुळे नवखे पपेटियर पहिले बरेच दिवस उलटसुलट धडपडतात. अंगठा खालचा जबडा, बाकी चार बोटं वरचा, आणि बोलताना अंगठा खाली न्यायचा, डोकं वर उडवायचं नाही, नाहीतर बाहुली दर शब्दाला छताकडे बघते. सगळ्यात कष्टाचं काम बहुधा बिग बर्डचं, म्हणजे 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी शोमधल्या माणसाहून उंच पिवळ्या पक्ष्याचं. कॅरल स्पिनी 1969पासून आत उभा राहून उजवा हात वर ताणून डोकं चालवायचा, डावा हात डाव्या पंखात, उजवा पंख मासेमारीच्या दोरीने डाव्याला जोडलेला म्हणून एक वर गेला की दुसरा खाली, आणि छातीला छोटा टीव्ही बांधलेला. बाहेरचं थेट काही दिसत नव्हतं.

कळसूत्रीवाले वेगळ्याच वाटेने गेले. 'थंडरबर्ड्स' या ब्रिटिश शोमध्ये (1965-66, 32 भाग) बारीक तारांतून वीज जायची आणि डोक्यातलं यंत्र रेकॉर्ड केलेल्या संवादाप्रमाणे ओठ हलवायचं. ते यंत्र मावावं म्हणून डोकी अंगाच्या मानाने मोठी, आणि चालणं काही जमायचं नाही म्हणून पात्रं सारखी यानात बसलेली, जे मुलांना तसंही हवंच होतं.

पपेटियर बदलला की फॅन अस्वस्थ होतात. हेन्सन 16 मे 1990ला वारला आणि कर्मिट स्टीव्ह व्हिटमायरकडे गेला, पुढे 2017पासून मॅट व्होगेलकडे, आणि कोणाचा कर्मिट खरा यावर अजून वाद घालतात. सूटी या अस्वलाचं तसं झालं नाही. हॅरी कॉर्बेटने 1948मध्ये ब्लॅकपूलच्या धक्क्यावर साडेसात शिलिंगला घेतलेली ही हातमोजा बाहुली बोलतच नाही, मालकाच्या कानात कुजबुजते. त्यामुळे 1976मध्ये ती मुलगा मॅथ्यूकडे गेली तेव्हा आवाज बदलायचा प्रश्नच आला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र 'सेसमी स्ट्रीट'ने उलट केलं, दुकानदार मिस्टर हूपर करणारे विल ली 1982मध्ये वारले तेव्हा दुसरा नट न घेता पुढच्या वर्षी पात्रच वारलं असं मुलांना सांगितलं, आणि ते समजून घेणारा होता बिग बर्ड, म्हणजे एक बाहुली.

इतर देशांत जर्मनीत आउग्सबुर्गच्या कळसूत्री मंडळाने 1953मध्ये टीव्हीवर पाऊल टाकलं, इटलीचा उंदीर तोपो जिजो 1959चा, जपानच्या एनएचकेवरची 'ह्योक्कोरी ह्योतानजिमा' 1964 ते 1969, आणि रशियातला झोपायच्या वेळचा बाहुल्यांचा कार्यक्रम 1964चाच, जो सोव्हिएत संघ गेला तरी बंद पडला नाही.