पैसा वॉशिंग्टनचा, केंद्र आयांचं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली बालकेंद्रं, तरुणांसाठीचे वर्ग आणि कुटुंबांना हात देणारे उपक्रम यांच्या अनुदानावर आज जे वाद होतात, त्यांची मुळं १९६० च्या दशकात आहेत. काम त्याआधीही चालू होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीय स्त्रियांची मंडळं वर्गणी काढून बालवाड्या चालवत होती. सरकारी पैसा आला तेव्हा मात्र वस्तीत काय हवं हे कोण ठरवणार, असा प्रश्न उभा राहिला.

१९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात रहिवाशांचा ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असावा असं लिहिलं होतं. शक्य म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं.

मिसिसिपीतल्या लोकांनी ते शब्द खरे मानले. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’ या गरीब मुलांच्या बालवाड्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेखाली तिथे ऐंशीहून अधिक केंद्रं उघडली, सुमारे सहा हजार मुलं आली. अशी अनुदानं रोखायचा अधिकार राज्याच्या गव्हर्नरकडे होता, पण महाविद्यालयांना मिळणाऱ्या पैशावर तो चालत नसे. म्हणून अनुदान एका छोट्या कृष्णवर्णीय महाविद्यालयामार्फत घेतलं गेलं. चर्चमध्ये, रिकाम्या घरांत वर्ग भरले. कापूस वेचणाऱ्या, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका तिथे शिक्षिका झाल्या. त्यांचा पगार आता मळेवाल्याच्या हातात नव्हता. मतदार म्हणून नाव नोंदवलं तर काम जाईल, ही भीती सरली. विरोध पेटला तो यामुळे.

राज्यातल्या एका वजनदार सिनेटरनं पैसा नागरी हक्कांच्या आंदोलनाकडे वळवल्याचा आरोप केला. हिशेब ढिसाळ होते हे खरं. पण आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी पावत्या सांभाळणाऱ्यांकडून आणखी काय होणार होतं? अनुदान थांबलं तरी कित्येक केंद्रं बिनपगारी चालू राहिली. फेब्रुवारी १९६६ मध्ये मुलांना बसनं वॉशिंग्टनला नेऊन संसदेच्या समितीसमोर बसवलं, मग पैसा सुटला. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा तोडला आणि घाईनं उभ्या केलेल्या, राजकारण्यांना चालणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यायचं ठरलं. देशभर ओरड झाल्यावर तडजोड झाली, पण ती निम्मीशिम्मी आणि अटी घालून. हिशेबाच्या नावाखाली वस्तीचा हक्क काढून घेतला गेला, असंच या निर्णयाबद्दल म्हणावं लागतं.

१९६७ च्या दुरुस्तीनं असे कार्यक्रम आपल्या हाताखाली घेण्याची मुभा निवडून आलेल्या स्थानिक सत्तेला मिळाली. सरकारी पैशाशिवाय काम करायचा मार्ग जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका चर्चमध्ये दिसला. तिथे शाळेआधी मुलांना फुकट न्याहारी मिळू लागली. ती देणाऱ्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेचं नाव मुंबईतल्या तरुणांनी १९७२ मध्ये ‘दलित पँथर’साठी घेतलं. न्याहारीची गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. सरकारची शालेय न्याहारी योजना १९६६ पासून प्रायोगिक होती, ती १९७५ मध्ये कायम झाली. १९८१ मध्ये दारिद्र्यविरोधी कामाचा बराच निधी राज्यांकडे एकगठ्ठा गेला. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये चोवीस गल्ल्यांपासून वाढलेल्या, मुलं आणि कुटुंबांसाठीच्या प्रयोगावरून २०१० मध्ये केंद्र सरकारनं नवी योजना आखली, तिचा भर मोजता येणाऱ्या निकालांवर.

‘हेड स्टार्ट’च्या धोरण समितीत आजही बहुमत पालकांचं लागतं. २००७ च्या कायद्यानं मात्र पैशाची अंतिम जबाबदारी केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या नियामक मंडळाकडे दिली.