शाळेत पहिला, हॉस्टेलवर चौदावा

गावच्या शाळेत पहिलीपासून कुणाला पहिला नंबर सोडलेला नाही असं एखादं पोरगं पाचवीत नवोदयची परीक्षा देतं, सिलेक्ट होतं, पेढे वाटून होतात, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलं की म्हणतं, आई मला गणित नाही जमत. आता चार-पाच महिन्यांत पोरगं ढ झालं का? गणित तर बहुतेक आधीपेक्षा जास्तच येत असतं, फक्त आता वर्गातली बाकीची पोरं पण आपापल्या शाळेत पहिली आलेली असतात.

मानसशास्त्रात याला नाव आहे, 'छोट्या तळ्यातला मोठा मासा'. हर्बर्ट मार्श नावाच्या संशोधकाने 1980 च्या दशकात हे मांडलं. मूल स्वतःला किती हुशार समजतं हे नुसत्या हुशारीवर ठरत नाही, आजूबाजूला कोण आहे त्यावर पण ठरतं, म्हणजे सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली तर निवडक शाळेतलं, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळेतलं मूल स्वतःला सरासरीने कमी समजतं. 2003 मध्ये मार्श आणि हाऊ यांनी 26 देशांतल्या एक लाखाच्या वर पंधरा वर्षांच्या मुलांचा डेटा तपासला तर सगळ्या 26 देशांत कल हाच निघाला. निवडक शाळेत असल्याचा अभिमान असतोच हो, पण रोजच्या तुलनेपुढे तो कमी पडतो.

मूल स्वतःला काय समजतं हे मोजतात कसं? सुझन हार्टर यांची 1985 ची प्रश्नावली बघा. 'तू हुशार आहेस का' असं थेट विचारलं तर पोरं बरं दिसेल तेच उत्तर देणार, म्हणून तिथे दोन प्रकारची मुलं समोर ठेवतात: काही मुलं शिकलेलं विसरतात, काहींच्या सहज लक्षात राहतं, तू कुणासारखा? आणि मग अगदी तसाच की थोडाफार? अभ्यास, मित्र, खेळ, दिसणं, वागणं सगळं वेगवेगळं विचारतात, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण ऑस्ट्रेलियात हुशार मुलांच्या खास वर्गांवर अभ्यास झाला तेव्हा घसरण फक्त अभ्यासाबद्दलच्या मतात दिसली, मित्र, खेळ वगैरेंबद्दलचं मत तसं खाली आलं नाही. म्हणून 'पोराचा कॉन्फिडन्सच गेला' असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही.

अजून एक गंमत, मूल स्वतःच्याच विषयांची पण आपापसात तुलना करतं. गणितात 96 आणि इंग्रजीत 85 मिळवणारी मुलगी सरळ सांगते माझं इंग्लिश कच्चं आहे, आणि 85 वर खूष होणारी अर्धी शाळा तिच्याकडे बघत बसते! हसण्यावारी नेऊ नका, कारण स्वतःला कच्चं समजणारी मुलं पुढे तो विषय घेणंच टाळतात, मार्क चांगले असले तरी.

म्हणून निवडक शाळेत घालूच नका असं मी म्हणत नाही, तिथले शिक्षक, लायब्ररी, तोडीस तोड मित्र हे गावात मिळणं अवघड, आणि घसरण सरासरीची आहे, प्रत्येकाची होईलच असं नाही. पण निकाल हातात आल्यावर आपला पहिला प्रश्न 'हायेस्ट किती?' हाच असतो ना, तो तरी निदान पहिलं वर्षभर गिळून टाका. त्याऐवजी जूनमधला आणि आताचा पेपर शेजारी ठेवून बसा पोराबरोबर, जूनमध्ये कोरी सोडलेली गणितं आता सुटलेली त्याला स्वतःलाच दिसतील.