दोन विद्या, एक साठा: मल्टिक्लास स्पेलकास्टरच्या नियमांची पार्श्वभूमी

सोलापुरात डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, काल्पनिक पात्रं घेऊन खेळायचा खेळ) डाव मांडला आणि टेबलावर २०१४ चं प्लेयर्स हँडबुक नि २०२४ चं प्लेयर्स हँडबुक शेजारी शेजारी उघडं असलं, की मल्टिक्लास स्पेलकास्टरच्या, म्हणजे एकाहून अधिक क्लास (पेशे) घेतलेल्या मांत्रिक पात्राच्या, स्लॉटवरून वाद ठरलेला. किती स्पेल (मंत्र) टाकता येतील ते स्लॉटवर ठरतं. समजा पात्र पॅलाडिन ५, सॉर्सरर ४, म्हणजे एका क्लासच्या पाच आणि दुसऱ्याच्या चार लेव्हल (पायऱ्या) चढलेलं. एकाच्या हिशेबात चौथ्या लेव्हलचा एक स्लॉट येतो, दुसऱ्याच्या हिशेबात येत नाही आणि दोघांचंही गणित बरोबर असतं. या वादाचं मूळ खेळाच्या पहिल्या पुस्तकांइतकं जुनं आहे. एकाच पात्राने दोन विद्या शिकल्या तर त्यातलं एकत्र काय मोजायचं आणि वेगळं काय ठेवायचं, हा तो प्रश्न.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. एल्फला पहिले दोन्ही मिळत, पण यावेळी तलवार की मंत्र हे त्याने मोहिमेआधीच ठरवायचं. लढाईत चौथी आणि जादूत आठवी लेव्हल ही त्याची कमाल मर्यादा होती.

१९७८ च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीने दोन वाटा केल्या. माणसाला ड्युअल-क्लास होता येई. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात किमान १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात किमान १७ लागत. जुना क्लास तिथेच थांबे. नव्याची लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी कौशल्यं वापरली, तर त्या मोहिमेचा अनुभव बुडे. एल्फ, ड्वार्फ वगैरेंना मात्र खरं मल्टिक्लास मिळे: एक्सपी (अनुभवाचे गुण) दोन क्लासमध्ये समान वाटायचा आणि दोन्ही एकदम वाढवायचे.

ही वाटणी अन्यायाची वाटते, पण तशी नव्हती. त्या काळच्या तक्त्यात सुरुवातीच्या लेव्हलना लागणारा एक्सपी दर पायरीला जवळपास दुप्पट होत जाई. ४५,००२ एक्सपी घ्या. नुसता मॅजिक-यूजर तेवढ्यात सहाव्या लेव्हलला असे. तोच आकडा अर्धा केला तर २२,५०१, म्हणजे मॅजिक-यूजर ५ आणि शिवाय फायटर ५. एका लेव्हलच्या बदल्यात अख्खा दुसरा क्लास! एल्फसारख्यांना लेव्हलच्या मर्यादेने मात्र बांधून ठेवलं होतं.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ही बंधनं काढली. वंश कुठलाही असो, दर लेव्हलला कुठलाही क्लास घ्या. सर्वांना एकच एक्सपी तक्ता. तो दुपटीने न वाढता हळूहळू चढणारा होता आणि स्पेलकास्टरचा घात तिथेच झाला. ४५,००० एक्सपीला पात्र दहाव्या लेव्हलला. नुसता विझर्ड असेल तर त्याच्याकडे पाचव्या लेव्हलचे स्पेल. क्लेरिक ५ आणि विझर्ड ५ असेल तर दोन्हीकडे तिसऱ्या लेव्हलपर्यंतच, कारण स्पेल आणि स्लॉट दोन्ही क्लासगणिक वेगळे मोजले जात. त्याचा फायरबॉल (तिसऱ्या लेव्हलचा आगीचा स्पेल) १०डी६ ऐवजी ५डी६ चा, म्हणजे सहा बाजूंच्या दहा फाशांऐवजी पाचांचा. स्पेल रेझिस्टन्स (शत्रूची जादू रोखण्याची क्षमता) भेदायला डी२० मध्ये (वीस बाजूंच्या फाशात) कास्टर लेव्हल मिळवायची, तीही पाचच. फायटर ५ आणि बार्बेरियन ५ च्या हल्ल्याच्या बोनसची बेरीज होते, पण दोन जादूंची तशी होत नव्हती. खेळाडूने मनापासून निवडलेलं पात्र नियमांनीच दुबळं करावं, ही त्या आवृत्तीची मोठी चूक होती.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीतला मिस्टिक थिअर्ज हा त्यावरचा लेप. विझर्ड ३, क्लेरिक ३ झाल्यावर या प्रेस्टिज क्लासच्या (अटी पुऱ्या केल्यावरच घेता येणाऱ्या क्लासच्या) दर लेव्हलला दोन्हीकडची जादू एकेक पायरी चढे. सोळाव्या लेव्हलला दोन्हीकडे सातव्या लेव्हलचे स्पेल मिळत, एकट्या विझर्डपेक्षा एकच पायरी मागे. पण चौथ्या ते सहाव्या लेव्हलचा काळ फार हलाखीचा जाई. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मल्टिक्लास म्हणजे फीट (जादा खुबी) घेऊन दुसऱ्या क्लासची थोडी चव चाखणं, एवढंच उरलं. दोन क्लास मिसळून होणारे हायब्रिड २०१० मध्ये आले.

खरी उकल २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकची. स्लॉट म्हणजे ताकद, स्पेल म्हणजे ज्ञान, अशी फोड केली. ताकदीचा साठा एक, ज्ञान मात्र ज्या त्या क्लासचं.

समजा पात्राचं नाव रेवणा. विझर्ड ४, क्लेरिक ३. आधी पाहायचं ते इंटेलिजन्स आणि विज्डम दोन्ही १३ किंवा वर आहेत का. मग बेरीज: ४ अधिक ३ म्हणजे ७. मल्टिक्लास तक्त्यात ७ समोर ४, ३, ३, १ हे स्लॉट (अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या लेव्हलचे). आता ते आकडे बाजूला ठेवा आणि दोन्ही क्लास वेगवेगळे वाचा. विझर्ड ४ ला दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे स्पेल, क्लेरिक ३ लाही तेवढेच. म्हणजे चौथ्या लेव्हलचा स्लॉट हातात आहे, पण फायरबॉल नाही. त्या स्लॉटमधून मॅजिक मिसाइल टाकला तर तीनऐवजी सहा बाण सुटतील. सर्वाधिक चुका इथेच होतात: स्लॉट दिसला म्हणून तिसऱ्या लेव्हलचा स्पेल स्पेलबुकात उतरवला जातो. कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे साधे स्पेल) मात्र एकूण लेव्हलवर वाढतात, त्यामुळे सातव्या लेव्हलचा रेवणा फायर बोल्टला २डी१० टाकतो.

बेरजेत बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझर्ड पूर्ण धरायचे, पॅलाडिन आणि रेंजर निम्मे, एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिकस्टर एक तृतीयांश. वॉरलॉकचे पॅक्ट स्लॉट बेरजेत येत नाहीत. ते वेगळे लिहायचे, कारण ते शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीत) परत येतात. वापरताना मात्र कुठल्याही क्लासचा स्पेल कुठल्याही स्लॉटमधून चालतो. स्पेलकास्टिंग असलेला क्लास एकच असेल, तर हा तक्ता उघडायचाच नाही, त्या क्लासचा स्वतःचा तक्ता पाहायचा.

निम्मे धरताना २०१४ चं पुस्तक अपूर्णांक सोडून देतं, कारण त्यातल्या पॅलाडिनला पहिल्या लेव्हलला स्पेलच नव्हते. त्याची किंमत जाणवते. पॅलाडिन ५ चे स्वतःचे स्लॉट ४ आणि २. विझर्डची एक लेव्हल जोडली की २ अधिक १ म्हणजे ३, आणि तक्त्यात ३ समोर पुन्हा ४ आणि २ च. स्लॉट एकही वाढला नाही. २०२४ मध्ये पॅलाडिन आणि रेंजरला पहिल्याच लेव्हलला स्पेल मिळाले, म्हणून अपूर्णांक वर धरला जातो: ३ अधिक १ म्हणजे ४, स्लॉट ४ आणि ३.

सुरुवातीचं भांडणही एवढंच. पॅलाडिन ५, सॉर्सरर ४ जुन्या हिशेबाने ६, म्हणजे ४, ३, ३. नव्या हिशेबाने ७, म्हणजे ४, ३, ३, १. कॅरेक्टर शीटच्या वरच्या कोपऱ्यात, नावाशेजारी, पुस्तकाचं साल लिहायचं आणि डीएमने (डाव चालवणाऱ्याने) पहिल्या डावाआधी सगळ्या शीटवर ते एकच असल्याची खात्री करायची.