कार्पवर नेम : ‘एक वीत खाली’ हा नियम चुकीचा

अमेरिकेत काठावरून धनुष्याने कार्प मासे मारणाऱ्या नवख्याला हमखास सांगतात, ‘दिसतो त्याच्या वीतभर खाली मार.’ खाली मारायचं हे खरं, पण माप ठरलेलं नसतं. पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो आणि मासा वर उचललेला दिसतो.

डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच, कार्प 3 मीटर पुढे, 30 सेंमी खोल असेल, तर दिसेल तिथे सोडलेला बाण त्याच्या साधारण 15 सेंमी वरून जातो. 60 सेंमी खोलीला चूक जवळपास दुप्पट. अगदी पायाखाली असेल तर थेट मारा, वीतभर खाली धरलंत तर हमखास चुकेल.

धनुष्याऐवजी भाला असेल आणि त्याचं टोक आधीच पाण्यात माशाजवळ असेल, तर तेही माशाइतकंच सरकलेलं दिसतं, तेव्हा टोक सरळ माशावरच धरा.